डाळ शिजवायची कशासाठी?

अंबाझरीच्या काठाने सकाळचा फेरफटका मारून परतणाऱ्या मंडळींपैकी अनेकांच्या हाती हल्ली मोड आलेल्या कच्च्या कडधान्यांचा द्रोण दिसतो. वर कांदा, टोमॅटो आणि लिंबाची फोड. या द्रोणाच्या निमित्ताने धरमपेठेतील दवाखान्यात दोन प्रश्न वारंवार विचारले जातात, आणि गंमत अशी, की ते एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकाचे असतात. पहिला प्रश्न असा : "डॉक्टर, कडधान्य शिजवले की त्यातले सारे सत्त्व निघून जाते ना? म्हणून आम्ही ते कच्चेच खातो." दुसरा प्रश्न बहुधा मोबाइलवर आलेल्या एखाद्या संदेशाचा हात धरून येतो : "डाळींमध्ये म्हणे पचन बंद पाडणारे विष असते. वरण बंद करावे का?"

या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी सत्याचा एकेक कण आहे. मात्र दोघांनीही काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. घरातील लहान मूल, वृद्ध माणूस किंवा आजारातून उठलेली व्यक्ती यांच्या ताटातील प्रथिनांचे काय होते हे या निष्कर्षावर अवलंबून असल्यामुळे आजचा लेख या विषयासाठी योजला आहे.

प्रथिने पचतात कशी?

आपण खातो ते प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब माळ. ही माळ अखंड राहिली तर शरीराला तिचा काहीच उपयोग नाही. तिचे तुकडे होऊन सुटे मणी किंवा दोन-तीन मण्यांचे तुकडे हाती आले, तरच ते आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतात. तुकडे करण्याचे हे काम विकरे करतात. जठरात पेप्सिन हे विकर आरंभ करते. पुढे लहान आतड्याच्या पहिल्या भागात स्वादुपिंडाचा रस येऊन मिळतो. त्यातील ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन ही दोन विकरे प्रथिनांच्या पचनाचा मुख्य भार उचलतात.

यांपैकी ट्रिप्सिनचे स्थान विशेष आहे. स्वादुपिंडातून सर्वच प्रथिनपाचक विकरे निष्क्रिय रूपात बाहेर पडतात, नाहीतर ती स्वादुपिंडालाच पचवून टाकतील. आतड्यात आल्यावर आधी ट्रिप्सिन जागे होते आणि मग ते बाकीच्यांना जागे करते. म्हणजे ट्रिप्सिन अडले, की त्याच्यामागची सारी रांग खोळंबते.

कुलपात अडकलेली किल्ली

कडधान्यांच्या दाण्यात साठवणीच्या प्रथिनांबरोबर काही छोटी, अत्यंत चिवट प्रथिने असतात. त्यांना आपण 'विकर-निरोधके' म्हणू. ट्रिप्सिनच्या ज्या खाचेत अन्नातील प्रथिनाचा धागा कापण्यासाठी बसतो, नेमक्या त्याच खाचेत निरोधकाचा एक टोकदार भाग जाऊन बसतो. ट्रिप्सिनला तो नेहमीचे भक्ष्य वाटतो. परंतु तो कापता कापला जात नाही आणि सुटता सुटत नाही. कुलपात बरोबर बसणारी, पण फिरत नसलेली किल्ली अडकून पडावी, तशी अवस्था होते. ते कुलूप मग दुसऱ्या कोणत्याही किल्लीच्या उपयोगाचे राहत नाही.

सोयाबीनमध्ये अशी दोन निरोधके प्रसिद्ध आहेत. पहिले कुनित्झ निरोधक. मोझेस कुनित्झ या शास्त्रज्ञाने ते १९४५ मध्ये स्फटिकरूपात वेगळे केले. दुसरे बोमन-बर्क निरोधक. हे केवळ ७१ अमिनो आम्लांचे चिमुकले प्रथिन आहे. पण त्याला दोन तोंडे आहेत. एका तोंडाने ते ट्रिप्सिनला धरते आणि दुसऱ्याने कायमोट्रिप्सिनला. गंधकाचे सात बंध त्याला आतून आवळून धरतात, म्हणून ते जठरातील आम्लाला सहसा दाद देत नाही आणि उष्णतेलाही कुनित्झ निरोधकापेक्षा अधिक वेळ टिकते. याच कुळातील निरोधके हरभरा, तूर, कुळीथ, वाल अशा आपल्या नित्याच्या कडधान्यांतही कमी-अधिक प्रमाणात आढळतात. सोयाबीनमध्ये त्यांचे प्रमाण विशेष जास्त, तर मूग आणि मसूर यांत तुलनेने कमी असते.

सोयाबीन आणि उंदीर

या साऱ्या संशोधनाचा प्रारंभ एका साध्या निरीक्षणातून झाला. १९१७ मध्ये अमेरिकेत ऑसबोर्न आणि मेंडेल यांनी दाखवून दिले, की कच्च्या सोयाबीनवर ठेवलेले उंदीर नीट वाढत नाहीत. तेच सोयाबीन शिजवून दिले, की वाढू लागतात. दाणा तोच आणि प्रथिनेही तेवढीच. फरक फक्त चुलीचा.

पुढील काळात त्यामागची एक विलक्षण साखळी उलगडली. आतड्यात मोकळे ट्रिप्सिन पुरेसे आहे की नाही, याची शरीर सतत चाचपणी करीत असते. निरोधकांनी ट्रिप्सिन अडवून धरले, की 'विकर कमी पडले' असा निरोप संप्रेरकामार्फत स्वादुपिंडाला जातो आणि ते आणखी विकरे ओतू लागते. ती विकरे स्वतः प्रथिनेच असतात आणि त्यांत गंधकयुक्त अमिनो आम्ले भरपूर असतात. कडधान्यात नेमकी हीच अमिनो आम्ले मुळातच तोकडी. म्हणजे खाल्लेले प्रथिन नीट पचत नाही आणि शरीराच्या साठ्यातील मोलाचे प्रथिन विष्ठेवाटे वाया जाते, असा दुहेरी तोटा होतो. उंदीर आणि कोंबडीची पिल्ले यांच्यात दीर्घकाळ कच्चे सोयाबीन दिल्यास स्वादुपिंडाचा आकारही वाढतो. माणसात तसे घडत असल्याचा ठोस पुरावा मिळालेला नाही, हे भयभीत वाचकांनी ध्यानात घ्यावे.

बीजाला हा खटाटोप कशासाठी?

दाणा हा वनस्पतीचा वंश. त्यातील प्रथिनांची शिदोरी अंकुरासाठी राखलेली असते, अळ्यांसाठी नव्हे. अळीच्याही आतड्यात ट्रिप्सिनसारखीच विकरे असतात, म्हणून वनस्पतीने हे कुलूप बंद करण्याचे तंत्र साधले. १९७२ मध्ये अमेरिकेतील ग्रीन आणि रायन या शास्त्रज्ञांनी तर असे दाखवले, की बटाटा किंवा टोमॅटोचे एक पान किडीने कुरतडले, तर न कुरतडलेल्या दुसऱ्या पानांतही निरोधके साठू लागतात.

विदर्भातील शेतकऱ्याला या लढाईची दुसरी बाजू चांगलीच ठाऊक आहे. हरभऱ्याच्या घाट्यात तोंड खुपसून बसणारी घाटेअळी हरभऱ्याच्या निरोधकांना जुमानत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दाखवून दिले, की या अळीच्या आतड्यातील विकरे हरभऱ्याचे संरक्षक निरोधकच मोडून टाकतात. पुढच्याच वर्षी तेथील संशोधनातून दिसले, की हरभरा, तूर, कापूस या तिच्या नेहमीच्या खाद्यवनस्पतींची निरोधके तिच्यापुढे निष्प्रभ ठरतात. परंतु भुईमूग, चौधारी घेवडा आणि बटाटा यांची निरोधके तिची वाढ खुंटवतात. अळीने आपली विकरे बदलून वाट काढली. माणसाने मात्र वेगळी वाट काढली. त्याने चूल पेटवली.

निरोधक हे प्रथिन आहे आणि ओलाव्यासह मिळालेल्या उष्णतेने त्याची घडी विस्कटते. घडी विस्कटली, की ट्रिप्सिनच्या खाचेत बसणारे ते टोकच उरत नाही. एवढेच नव्हे, तर हे विस्कटलेले निरोधक मग इतर प्रथिनांसारखे पचूनही जाते.

आपल्या घरातील चित्र

आपल्या परंपरेतील बहुतेक पदार्थांत हे ज्ञान नकळत मुरलेले आहे. वरण, उसळ, पिठले, पाटवडी, भाताच्या वाफेत शिजणारे गोळाभाताचे गोळे, या साऱ्यांत ओलावा, उष्णता आणि वेळ हे तिन्ही घटक हजर असतात. अपवाद म्हणजे चैत्रातील आंबेडाळ आणि कोशिंबिरीतील भिजवलेली मूगडाळ. या दोन्ही कच्च्याच असतात. पण त्या दोन चमचे खायच्या असतात, पोटभर नव्हे. निरोगी माणसाचे स्वादुपिंड गरजेपेक्षा कितीतरी अधिक विकरे स्रवू शकते. तेव्हा हळदीकुंकवाची आंबेडाळ आपण निर्धास्तपणे खावी.

खरी चिंता अन्यत्र आहे. विदर्भात सोयाबीन हे घरचे पीक झाले आहे. त्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि २० टक्के तेल. या गुणांमुळे महात्मा गांधींनीही १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीनचे प्रयोग करून त्याविषयी 'हरिजन'मध्ये लिहिले होते. आज अनेक घरांत गव्हाच्या दळणात मूठ-दोन मुठी सोयाबीन घालतात. हेतू उत्तम आहे. पण हे सोयाबीन बहुधा कच्चेच गिरणीत जाते. पोळी तव्यावर एखाद-दोन मिनिटे असते. तेवढ्या वेळात निरोधके काही अंशीच नष्ट होतात.

काही महिन्यांपूर्वी काटोल रस्त्यावरील एका खेड्यातून एक आजी आपल्या दीड वर्षाच्या नातीला घेऊन आल्या होत्या. मुलीचे वजन दोन महिने जागचे हलले नव्हते, शौचास वारंवार पातळ होत होते. आजी तिला मोठ्या मायेने 'ताकदीची' लापशी देत होत्या : गहू आणि कच्चे सोयाबीन निम्मे-निम्मे दळून, पाण्यात कालवून, उकळी फुटताच उतरवलेली. दिवसातून तीनदा तीच आणि बाकी दूध. आम्ही सोयाबीन उकळून, वाळवून मगच दळायला सांगितले, लापशी अधिक वेळ शिजवायला सांगितली आणि जोडीला मूगडाळीची मऊ खिचडी, तूप व उकडलेले अंडे सुचवले. पुढच्या दोन महिन्यांत वजन वाढू लागले. हे केवळ पिठामुळे घडले, असे म्हणणे धाडसाचे ठरेल; कारण जंतांचे औषध, हात धुण्याची सवय आणि खाण्यातील विविधता या गोष्टीही त्याच वेळी सुरू झाल्या. परंतु ज्या मुलाच्या पोटात दिवसभरात जेमतेम दोन वाट्या अन्न जाते, त्याच्या त्या दोन वाट्यांतील प्रथिन अडून राहणे परवडणारे नसते, एवढे मात्र निश्चित.

दुसरा वर्ग व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांचा. भिजवलेले कच्चे सोयाबीन वा हरभरे आणि त्यावर चार कच्ची अंडी, असा त्यांचा खुराक असतो. अंड्याच्या पांढऱ्या भागातही ट्रिप्सिनला अडवणारे प्रथिन असते. बेल्जियममध्ये १९९८ साली झालेल्या एका अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातील प्रथिन सुमारे ९१ टक्के, तर कच्च्या अंड्यातील सुमारे ५१ टक्केच पचल्याचे आढळले. म्हणजे कच्च्या चार अंड्यांतून जेमतेम दोनांचेच प्रथिन पदरी पडले!

स्वयंपाकघरातील नियम

आता प्रत्यक्ष काय करावे, ते क्रमाने पाहू.

१. तूर, मूग, मसूर, हरभरा यांच्या डाळी नेहमीप्रमाणे मऊ शिजवल्या, की पुरे. त्यांच्याविषयी वेगळी काळजी नको.

२. अख्खी कडधान्ये ८ ते १२ तास भिजवावीत, ते पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात कुकरमध्ये शिजवावीत. दाणा दोन बोटांत सहज चिरडला गेला पाहिजे.

३. मोड आणल्याने निरोधके काहीशी घटतात, 'क' जीवनसत्त्व वाढते. परंतु निरोधके संपत नाहीत. मोड आलेले कडधान्य ५ ते १० मिनिटे वाफवावे. वाफवताना जे 'क' जीवनसत्त्व घटते, ते वरून लिंबू पिळून भरून काढता येते. वाफवण्याचे आणखी एक कारण आहे. मोड आणण्याची ऊब आणि ओल जंतूंनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई-कोलाय जंतूंची साथ पसरली आणि ५० हून अधिक माणसे दगावली. गर्भवती, लहान मुले आणि वृद्ध यांनी कच्चे मोड टाळावेत, हेच श्रेयस्कर.

४. सोयाबीन रात्रभर भिजवून, पाणी बदलून, किमान २० ते २५ मिनिटे उकळावे. पिठात मिसळायचे असेल, तर आधी असे उकळून, कडक उन्हात वाळवून मगच दळावे. गव्हात त्याचे प्रमाण दहा भागांस एक भाग एवढे पुष्कळ झाले. बाजारातील सोयावडी तयार होतानाच तीव्र उष्णतेतून गेलेली असते. ती नेहमीसारखी शिजवून खाण्यास हरकत नाही.

५. फुटाणे आणि भाजक्या डाळ्यांचे सातू यांना भट्टीची उष्णता मिळालेली असते. कच्च्या डाळीच्या पिठाची जागा त्यांनी घेतल्यास उत्तम.

६. डाळ लवकर शिजावी म्हणून खाण्याचा सोडा घालू नये. त्याने 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट होते. तसेच डाळ तासन्‌तास आटवणे किंवा पीठ करपेपर्यंत भाजणे यानेही लायसिन नावाच्या मोलाच्या अमिनो आम्लाची हानी होते. मऊ शिजली, की आच बंद करावी.

काही गैरसमज

डाळ खाल्ल्यावर पोटात होणारा वायू हा या निरोधकांचा प्रताप नव्हे. तो कडधान्यातील काही शर्करांमुळे होतो. त्या आपल्या विकरांनी फुटत नाहीत आणि मोठ्या आतड्यातील जंतू त्यांच्यापासून वायू तयार करतात. भिजवल्याचे पाणी टाकून दिल्याने त्यांतील काही भाग निघून जातो.

कच्च्या वा अर्धवट शिजलेल्या राजम्याने होणाऱ्या जोरदार उलट्यांचे कारणही निराळे आहे. राजम्यात लेक्टिन जातीचे एक प्रथिन असते आणि चार-पाच कच्चे दाणेही त्रास देऊ शकतात. मंद आचेवर नुसता कोमट शिजलेला राजमा म्हणून धोक्याचा. त्याला खळखळून उकळीच हवी. पूर्व विदर्भातील लाखोळीच्या डाळीचा प्रश्न तर याहूनही वेगळा. तिच्यातील घातक द्रव्य पचनावर नव्हे, मज्जासंस्थेवर आघात करते आणि नेहमीच्या शिजवण्याने ते पुरते जात नाही. या तिन्ही गोष्टींची एकाच संदेशात खिचडी करून 'डाळ म्हणजे विष' असे सांगणे ही दिशाभूल आहे.

निरोधक म्हणजे केवळ शत्रू, असेही मानू नये. आपले स्वादुपिंड स्वतःच्या रक्षणासाठी ट्रिप्सिनचे एक निरोधक स्वतः तयार करते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या चिकातही असे निरोधक असते. बाळाला आईकडून मिळणारी प्रतिपिंडे आतड्यात पचून जाऊ नयेत, यासाठी ते साहाय्य करते. सोयाबीनच्या बोमन-बर्क निरोधकाचा कर्करोग टाळण्यासाठी उपयोग होईल का, याचाही अमेरिकेत दीर्घकाळ शोध घेतला गेला. तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांवर त्याची रीतसर चाचणी झाली. परंतु २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ते औषधाविना दिलेल्या नुसत्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. खर्ऱ्याने तोंड पोळून घेणाऱ्या आपल्या भागातील तरुणांसाठी याचा अर्थ सरळ आहे : सोयाबीन त्यांना वाचवणार नाही, खर्रा सोडावाच लागेल.

वरण बंद करू नका

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस वजनाच्या दर किलोस दररोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलो वजनाच्या माणसाला म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास. ३० ग्रॅम कोरड्या डाळीतून त्यांतील सुमारे ७ ग्रॅम मिळतात. शाकाहारी घरात दोन्ही वेळचे वरण, एक उसळ आणि दूध-दही यांवरच ही बेरीज उभी असते. निरोधकांच्या भीतीने डाळ बंद केली, तर नसलेल्या विषाच्या धाकाने आपण असलेले अन्न गमावू. चांगल्या शिजलेल्या डाळीत निरोधकांचा थोडा अंश उरला, तरी निरोगी पचनसंस्था त्याला सहज पुरून उरते. डाळीसोबत पोळी वा भात घेतल्याने गंधकयुक्त अमिनो आम्लांची उणीवही भरून निघते.

एक सूचना मात्र आवर्जून. शौच तेलकट, पाण्यावर तरंगणारे आणि अतिशय दुर्गंधीयुक्त होत असेल, वजन विनाकारण घटत असेल किंवा पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जाणारी कळ येत असेल, तर तो कच्च्या-शिजलेल्या डाळीचा प्रश्न न मानता डॉक्टरांकडे जावे. हा स्वादुपिंडाचा आजार असू शकतो. ज्यांना तो आजार आहे, त्यांनी कच्च्या कडधान्यांच्या वाटेला जाऊच नये.

बाकीच्यांनी सकाळचा तो द्रोण जरूर घ्यावा. फक्त तो घरी आणून पाच-दहा मिनिटे वाफेवर ठेवावा. पुढील अंकात भिजवल्याच्या पाण्यासोबत लोह आणि जस्त यांचे काय होते, याचा विचार करू.